विज्ञान प्रदर्शनासाठी चक्रीवादळ: ताकद कमी करणं की अंदाज बांधणं?

आठवी-नववीच्या मुलांनो, प्रदर्शनासाठी चक्रीवादळ निवडलंत तर दोन वाटा आहेत: वादळाची ताकद कमी करायचे प्रयत्न, किंवा त्याचा अंदाज. विषय आपल्यापासून लांबचा नाही. अरबी समुद्रात वादळ आलं की कधी कधी इकडे तासगावलाही ढग दाटतात आणि द्राक्षबागायतदार दावण्या रोगाच्या धास्तीने फवारणीला लागतो.

पहिला विषय थरारक आहे. समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंशांच्या वर तापलं की वाफ वर चढते, तिचे ढग होताना उष्णता सुटते आणि तिच्यावरच वादळ पोसतं. अमेरिकेने 1962 ते 1983 या काळात ‘स्टॉर्मफ्युरी’ प्रकल्पात विमानांतून वादळी ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडलं. शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी त्यामुळे गोठतं. मग वादळाच्या मधल्या शांत भागाभोवतीची, म्हणजे ‘डोळ्या’भोवतीची ढगांची भिंत विस्कटेल, वारा मंदावेल, असा हिशोब होता. 1969 साली ‘डेबी’ वादळाचा वारा सुमारे 30 टक्के उतरलाही! पण असं पाणी वादळात फारच थोडं असतं आणि वारा आपोआपही असाच चढतो-उतरतो, हे पुढे लक्षात आलं. शिवाय मोठ्या वादळात सुटणारी उष्णता जगभर तेवढ्याच वेळात तयार होणाऱ्या विजेच्या शंभर पटींहून जास्त असते. तिच्याशी थेट टक्कर घेणं मला तरी अशक्य वाटतं.

प्रयोग म्हणून सीलबंद पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये न हलवता गार करून आपटता येते; पाणी डोळ्यांदेखत गोठतं. मात्र परीक्षक येईपर्यंत ती तशी टिकेल याचा भरवसा नाही.

अंदाजाचा विषय कमी झगमगीत, पण माणसं त्यानेच वाचतात. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10,000 माणसं गेली. 2013 च्या ‘फायलिन’च्या आधी लाखो लोकांना हलवलं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला.

वादळ जवळ येताना हवेचा दाब घटतो, म्हणून यासाठी दाब दाखवणारं साधं साधन करा: बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधा, मधोमध स्ट्रॉचं एक टोक चिकटवा, दुसरं काठाबाहेर राहू द्या. मागे पट्टी उभी करा. हवेचा दाब घटला की रबर फुगतं आणि बाहेरचं टोक खाली येतं. बरणी उन्हात ठेवू नका, आतली हवा तापून आकडा चुकतो.

आठवीच्या मुलांनी बेलाशक बरणीच घ्यावी. नववीच्या गटाला ‘स्टॉर्मफ्युरी’च हवं असेल तर ते का फसलं यावरच तक्ता करा. बरणीवाल्यांनी प्रदर्शनाआधी दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी नोंद घ्यावी आणि शेजारी हवामान खात्याचा त्या दिवशीचा दाब लिहावा.