मल्टिप्लेक्स, सभागृह की महोत्सव? गोव्यातला छोटा मराठी सिनेमा शूटिंगआधीच कुठे न्यायचा ते ठरवताना

पटकथा तयार आहे, पैसे अर्धेमुर्धे जमलेत आणि डिसेंबरात शूटिंग लावायचं घाटतंय. इथेच तीन रस्ते फुटतात: मल्टिप्लेक्स, गावोगावच्या सभागृहांत तिकीट लावून खेळ, किंवा आधी महोत्सव आणि मग ओटीटी. ‘तिन्ही करू’ असं सगळेच म्हणतात. करता येतंही, पण महोत्सव, थिएटर, सभागृह, ओटीटी याच क्रमानं. पहिला खेळ आपल्याकडेच व्हावा अशी ज्या महोत्सवाची अट असते, तो साखळी शहरातल्या रवींद्र भवनात आधी दाखवलेला सिनेमा घेत नाही. ओटीटीवर येऊन गेलेल्या सिनेमाला थिएटरवाला क्वचितच उभा करतो.

मल्टिप्लेक्सचा हिशेब तिकिटावरून मांडा. तिकीट करासकट 150 रुपये धरलं, तर 100 रुपयांवरच्या तिकिटाला लागणारा 18 टक्के जीएसटी जाऊन 127 उरतात. पहिल्या आठवड्यात त्यातला साधारण निम्मा आपला, पुढच्या आठवड्यांत वाटा आणखी उतरतो. वितरकाचं कमिशन 15 टक्के धरलं तर हातात 54 रुपये पडतात. चाळीस माणसांच्या खेळाचे झाले 2,160, आणि त्यातून डिजिटल प्रोजेक्शनवाल्याची दर स्क्रीनमागची फी वेगळी जाते. पोस्टर-जाहिरातीचा खर्च तर यात धरलेलाच नाही. महाराष्ट्रात दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत मराठीचा एक खेळ लावायचा, असा 2015 चा दंडक मल्टिप्लेक्सना आहे. तो गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याला संपतो. पणजीत त्याच शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा आला की आपल्या वाट्याला सकाळचा खेळ येतो.

थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे सिनेमाची थिएटरात चालणारी डिजिटल प्रत लागते आणि ती कुलूपबंद असते. तिची डिजिटल किल्ली त्या स्क्रीनच्या सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते. गुरुवारी रात्री व्यवस्थापकानं सिनेमा दोन नंबरच्या स्क्रीनवरून तीनवर हलवला, तर शुक्रवारी सकाळी नवी किल्ली येईपर्यंत पडदा काळाच. म्हणून बदलण्याची शक्यता असलेल्या सगळ्या स्क्रीनच्या किल्ल्या आधीच मागवून ठेवाव्यात.

सभागृहांचा रस्ता गोव्याच्या अंगवळणी पडलेला आहे. जत्रेचं नाटक आणि दशावतारी काला बघायला रात्र जागवणारा पेडणे-डिचोली-सत्तरीचा माणूस मल्टिप्लेक्सला येईलच असं नाही, पण गावाजवळ खेळ लागला तर अख्खं घर घेऊन येतो. फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर, साखळी आणि कुडचड्याचं रवींद्र भवन, म्हापशाचं हनुमान नाट्यगृह अशी खेळांची मालिका लावता येते. तिकीट 100 रुपयांच्या वर नेऊ नका, म्हणजे जीएसटी 5 टक्क्यांतच राहतो आणि हातात 95 उरतात. भाडं, प्रोजेक्टर, ध्वनी आणि दारावरची माणसं मिळून एका खेळाचा खर्च 15,000 धरला, तर पहिली 158 तिकिटं त्यातच जातात. त्यापुढचं सगळं आपलं. तीनशे तिकिटं गेली तर 13,500 सुटतात. मल्टिप्लेक्समध्ये तेवढेच मिळवायला वरच्या हिशेबानं 250 माणसं लागतात.

घोटाळा होतो तो यंत्रांत. नाटकाच्या सभागृहात सिनेमाचा सर्व्हर असेलच असं गृहीत धरू नका. लॅपटॉपवरून फाइल चालवावी लागते. 5.1 चा, म्हणजे सहा वाहिन्यांचा आवाज थेट दोन वाहिन्यांच्या मिक्सरला जोडला की डावं-उजवं ऐकू येतं आणि मधली वाहिनी गायब होते. संवाद बहुतेक सगळे त्या मधल्या वाहिनीत असतात. मग संगीत दणदणतं, पात्रांची नुसती तोंडं हलतात आणि पाठीमागून शिट्ट्या सुरू होतात. स्टुडिओशी करार करतानाच वेगळा स्टिरिओ (दोन वाहिन्यांचा) मिक्स मागून घ्या. वीस फुटी पडद्याला 6 ते 7 हजार लुमेन उजेडाचा प्रोजेक्टर हवा. ऑफिसातल्या 3 हजारवाल्यावर रात्रीचं दृश्य म्हणजे नुसता चिखल. सभागृहांतच फिरायचं ठरलं असेल तर कॅमेरामनला हे शूटिंगआधी सांगा. तो कंदिलाच्या उजेडातला प्रसंग थोडा उजळ घेईल.

महोत्सवाच्या रस्त्याला तारखा महत्त्वाच्या. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2004 पासून एरवी नोव्हेंबरात पणजीत भरतो, 2007 पासून सोबत सिनेमांच्या खरेदी-विक्रीचा फिल्म बाजारही (आता वेव्हज फिल्म बाजार). तिथल्या वर्क-इन-प्रोग्रेस (अपुऱ्या सिनेमांच्या) विभागात रफ कट, म्हणजे कच्चं संकलन चालतं, म्हणजे डिसेंबरात शूटिंग केलेल्याला पावसाळ्यात ते करून पाठवता येतं. हा रस्ता मानाचा. पैसे मात्र उशिरा येतात, किंवा येतच नाहीत. ओटीटीवाले अनेकदा ठरलेली रक्कम न देता पाहिलेल्या तासांवर वाटा देऊ करतात. विकत घेणारा असलाच तर कागद मागतो: प्रत्येक गाण्याचे सर्व माध्यमांचे हक्क, नटांचे करार आणि संवाद वगळून संगीत-ध्वनीचा वेगळा ट्रॅक. जत्रेच्या प्रसंगात मागे लाउडस्पीकरवर वाजणारं जुनं रेकॉर्ड महोत्सवात खपून जाईल, इथे सौदा अडवेल.

आमचा कौल असा. बोली आणि विषय गावचे असतील तर सभागृहं, त्याआधी पणजीत एक आठवडा थिएटर. ओळखीचा चेहरा आणि कोल्हापूर-पुण्यापर्यंत नेणारा वितरक शूटिंगआधीच लेखी मिळाला, तरच मल्टिप्लेक्सवर भर द्या. महोत्सव धरायचा असेल तर किमान वर्षभर बाकी सगळं थांबवायची तयारी ठेवा. सभागृहाच्या तारखा तियात्र (कोकणी संगीतनाट्य) आणि नाटकवाल्यांच्या आधी पकडाव्या लागतात, आणि चवथीच्या आठवड्यात खेळ लावू नये. लोक घरीच असतात, पण आरतीत.

तिकीट लावून दाखवायचं तर सभागृहालाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. एखाद्या प्रसंगात अंगणात गाय किंवा कुत्रं असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधी घ्या, कारण मंडळाच्या ना-हरकतीशिवाय सेन्सॉरचा अर्ज पुढे सरकत नाही. राष्ट्रीय पुरस्काराला प्रमाणपत्राचं कॅलेंडर वर्ष बघतात. त्यामुळे 28 डिसेंबरला हातात पडलेलं प्रमाणपत्र जानेवारीतल्या प्रमाणपत्रापेक्षा एक वर्ष आधीच्या स्पर्धेत बसतं.