58 सीसी वूड कटरचा पिस्टन-सिलिंडर किट : घ्या, पण त्यातली लॉकं लावू नका

निसर्ग वादळाने 2020 ला आमच्या दापोलीकडच्या बागेतली कलमं आडवी केली तेव्हा गावात बऱ्याच जणांनी वूड कटर (पेट्रोलवरची साखळी करवत) घेतले, आमचाही त्यातलाच, चायनीज 58 सीसी, 22 इंची बारवाला (साखळी फिरते ती पट्टी). यंदा मे मधे काका फणसाची फांदी कापत होते, एकदम आवाज चढला आणि मशीन गप. दोरी ओढली तर हलेना. सगळ्यांनी काकांनाच धरलं, पेट्रोलमधे मिसळायचं टू टी ऑईल न घालता साधं पेट्रोल ओतलं असणार म्हणून. काका म्हणे, "अरे माझ्या हाताने घातलं रे ऑईल!" पण ऐकतंय कोण.

आत पिस्टन जाम झालेला, म्हणून ऑनलाइन किट मागवला, साडेनऊशे रुपये. सिलिंडर, पिस्टन, दोन रिंगा, गजन पिन (पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारी), दोन लॉकं, पॅकिंग आणि एक प्लग. मागवताना एक बघा, 52 सीसीचा पिस्टन 45 मिमी आणि 58 चा 45.2, दिसायला सख्खे भाऊ. जुन्याला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावूनच ऑर्डर करा.

खोलायला फार काही नाही, सायलेन्सर, कार्बोरेटर, कॉइल काढली की सिलिंडरचे चार एलन बोल्ट, खालचं केसिंग फोडावं लागत नाही. क्लच काढायचाच असेल तर त्याचे आटे उलटे असतात, नेहमीसारखा सोडवायला गेलात तर अजून आवळत बसाल.

पिस्टन हातात आला आणि खरी गंमत कळली. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला, कार्बोरेटरची बाजू आरशासारखी. ऑईलच नसतं तर बहुतेक चारी बाजूंनी खरवडला असता, एकाच बाजूला म्हणजे पेट्रोल कमी हवा जास्त होऊन तापला. मग कार्बोरेटर आणि सिलिंडर जोडणारा रबरी बूट वाकवून बघितला तर घडीत चीर! तिथून हवा ओढत होता, म्हणून आवाज चढला होता. आणि हा बूट किटमधे नाहीच, नाव मात्र 'फुल रिपेअर किट'. तसाच नवीन पिस्टन टाकला असता तर चार दिवसात परत तेच. बूट वेगळा मागवला, दीडशे रुपये आणि आठ दिवस.

आता लॉकं. गजन पिन सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेची बारीक लॉकं असतात ती. किटमधली इतकी नरम की खाचेत बसवल्यावर बोटाने फिरत होती. हे लॉक चालू मशीनमधे सुटलं तर नवीन सिलिंडरला उभी चीर पाडणार. तालुक्याच्या ठिकाणी स्पेअर पार्टच्या दुकानात त्याच मापाची कडक मिळाली, वीस रुपयात. बसवताना खालच्या केसिंगच्या उघड्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा, मी नाही कोंबला, एक लॉक टुण्णकन उडालं आणि अर्धा तास अंगणात चुंबक फिरवत बसलो, शेवटी तुळशीच्या कट्ट्याशी सापडलं, नशीब आत नाही गेलं. लॉकचं तोंड वर किंवा खाली ठेवायचं, आडवं नाही.

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगेची टोकं खाचेतल्या बारीक पिनवर बसली का ते बघून, ऑईल लावून, बोटांनी दाबत सिलिंडर उतरवायचा, अडला तर जोर नाही, रिंग काचेसारखी तुटते. कॉइल आणि मॅग्नेटमधे 0.3 मिमी गॅप लागतो, मी व्हिजिटिंग कार्ड घालून बोल्ट आवळले.

सिलिंडरची फिनिशिंग पैशाच्या मानाने बरी, फक्त सायलेन्सरच्या भोकाची आतली कड धारदार होती, ती बारीक पॉलिश पेपरने मारून घेतली. प्लग टाकाऊ, जुनाच लावला. पाचव्या दोरीला सुरू! पहिल्या तीन टाक्या लिटरला 40 मिली ऑईल घालून बारक्या फांद्यांवरच चालवला. आत्तापर्यंत साधारण पंधरा तास चाललाय, काही तक्रार नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार. बूट दिला असता तर चार दिले असते. चिरलेला बूट काकांना नेऊन दाखवला, त्यांनी तो खुंटीला अडकवून ठेवलाय, येईल त्याला दाखवतात.