पेशीपटलाचं मॉडेल: वर्षभर वर्गात वापरल्यावर

पहिल्याच दिवशी लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक झालं असतं. पेशीभोवतीच्या पातळ पडद्याचं, म्हणजे पेशीपटलाचं, हे मॉडेल खोक्यातून बाहेर काढल्याबरोबर नजरेत भरतं. लाकडी पाटावर फॉस्फोलिपिडांचा, म्हणजे पटल ज्या मेदरेणूंचं बनतं त्यांचा, दुहेरी थर, लाल डोकी, प्रत्येक डोक्याला दोन पिवळ्या शेपट्या, अधूनमधून जांभळी प्रथिनं आणि फक्त वरच्या अंगाला हिरव्या मण्यांच्या साखळ्या. या साखळ्या म्हणजे शर्करा. त्या पेशीच्या बाहेरच्या बाजूलाच असतात, आणि इथे तशाच दाखवल्या आहेत. A, B, O रक्तगट अशाच शर्करांवरून ठरतात, म्हणून ते शिकवताना मी थेट त्या मण्यांवर बोट ठेवते.

थराची जाडी मी पट्टीने मोजली, १० सेंटीमीटर भरली. खरा दुहेरी थर साधारण ५ नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे मॉडेल २ कोटी पट मोठं आहे. याच मापाने तांबडी रक्तपेशी करायची ठरवली तर ती जवळजवळ १५० मीटर रुंद होईल. हे सांगितलं की मुलं आधी मॉडेलकडे बघतात, मग खिडकीबाहेरच्या मैदानाकडे.

मला यातलं सगळ्यात जास्त आवडलं ते शेपट्यांचं काम. दोनपैकी एक शेपटी सरळ आहे, दुसरी मध्येच कोपरासारखी वाकलेली. कितीतरी आकृत्यांमध्ये दोन्ही सरळ रेघा ओढून मोकळे होतात. शेपट्या मेदाम्लांच्या असतात, आणि ते वाकण म्हणजे असंतृप्त मेदाम्लातला, दोन कार्बन अणूंमधला दुहेरी बंध. मॉडेलसोबत काही सुटे रेणूही येतात, काहींच्या दोन्ही शेपट्या सरळ, काहींची एक वाकडी. माझ्या वर्गातल्या एका मुलीला फळ्यावरचं नीट दिसत नाही. तिने आधी सरळ शेपट्यांचे सहा रेणू मुठीत धरले, मग वाकड्यांचे सहा. दुसऱ्या वेळी मूठ मिटेना. थोडा वेळ ती बोटांनी मधल्या फटी चाचपत राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे थंडीत पटल घट्ट व्हायला नको असेल तर वाकड्या शेपट्या वाढवायच्या ना?" कितीतरी जीवाणू नेमकं हेच करतात. या एका प्रश्नासाठीही मी हे मॉडेल पुन्हा घेईन.

सोडियम पेशीबाहेर आणि पोटॅशियम आत नेणारं प्रथिन, म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप, तोही विचार करून बनवला आहे. तो थरातून बाहेर काढता येतो आणि दोन रूपांत बसवता येतो. एकात तोंड पेशीच्या आत उघडतं आणि सोडियमच्या ३ खाचा दिसतात, दुसऱ्यात तोंड बाहेर उघडतं आणि पोटॅशियमच्या २. दोन्ही तोंडं एकाच वेळी उघडी ठेवताच येत नाहीत. ही गोष्ट शब्दांत समजावताना माझी दरवर्षी दमछाक व्हायची. ॲक्वापोरिनची, म्हणजे पटलातून पाणी आरपार नेणाऱ्या प्रथिनाची, नळी मात्र फारच ऐसपैस झाली आहे. खऱ्या नळीत पाण्याचे रेणू एकामागे एक, एका रांगेतच जाऊ शकतात. पीटर ॲग्रे यांना ज्या प्रथिनासाठी २००३ चं नोबेल मिळालं, त्याची सगळी करामत त्या अरुंदपणातच आहे. मी नळीत कापसाचं अस्तर लावून ती बारीक केली.

आता खरी तक्रार. पाटावरचे सगळे रेणू डिंकाने पक्के चिकटवलेले आहेत. एकही जागचा हलत नाही. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये पेशीपटलाचं जे प्रतिरूप मांडलं त्याच्या नावातच 'फ्लुइड', म्हणजे प्रवाही, हा शब्द आहे. खऱ्या पटलात एक फॉस्फोलिपिड शेजाऱ्याशी सेकंदाला सुमारे १ कोटी वेळा जागा बदलतं. आणि तेच रेणू वरच्या थरातून खालच्या थरात आपण होऊन क्वचितच उलटतात, कारण पाण्यात रमणारं डोकं तेलकट मधल्या भागातून पार न्यावं लागतं. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडली. दोघांच्या प्रथिनांना वेगवेगळे चमकणारे रंग दिले होते. सुरुवातीला अर्धी पेशी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. ३७ अंशांना ४० मिनिटांत सगळं एकमेकांत मिसळून गेलं. चिकटवलेल्या मॉडेलवर बोट ठेवून हे कसं सांगणार? मुलांच्या डोक्यात भिंत बसते, आणि एकदा बसली की परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचं आरपार जाणं, शिकवतानाही ती आडवी येते. पहिल्या सहामाहीत माझ्या वर्गात हेच झालं. उत्तरपत्रिकांमध्ये 'पटल टणक असते' हे वाक्य मला बऱ्याच ठिकाणी खोडावं लागलं.

शेवटी एका रविवारी वरच्या थरातली पंचवीसएक डोकी सुरीने सोडवली. उथळ ट्रेमध्ये पाणी घेऊन ती तरंगत सोडली, मधोमध दोन प्रथिनं ठेवली आणि ट्रे हळूच हलवला. तेव्हा कुठे वर्ग गप्प झाला.

पुस्तिकेबद्दलही सांगायला हवं. तिच्या तिसऱ्या पानावर लिपिडांच्या वर-खाली प्रथिनांचा सलग थर काढला आहे. ही १९३५ ची डॅव्हसन-डॅनिएली यांची कल्पना. ती इतिहास म्हणून द्यायला काहीच हरकत नाही, पण इथे ती आजची रचना म्हणून छापली आहे. मी बनवणाऱ्यांना कळवलं, उत्तर आलं नाही. ते पान मी चिकटपट्टीने बंद करून टाकलं. फॉस्फोलिपिडांच्या मध्ये बसणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या तुकड्यांवरही डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं याची खूण नाही. बनवणाऱ्यांनी बारीक लाल ठिपका द्यावा, म्हणजे मुलं ते उलटे बसवणार नाहीत.

घेणार असाल तर सुटे रेणू जास्तीचे मागवा. जे आले ते आम्हाला दोन गटांनाही पुरले नाहीत.