जुनी डिझेल घ्यायची: स्विफ्ट की इनोव्हा?

चार माणसांचं घर आणि रोजचं येणं-जाणं असेल तर स्विफ्टच बरी. १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं इंजिन, टायमिंग चेनचं (इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी). सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. बघायला सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. चेनचा खळखळाट ऐकू आला किंवा निळा धूर निघाला, तर सौदा सोडा.

इनोव्हाचं २४९४ सीसीचं इंजिन जास्त दमाचं, मोठ्या कुटुंबाला तीच हवी. पण तिथे चेनऐवजी टायमिंग बेल्ट, म्हणजे तेच काम करणारा रबरी पट्टा असतो. तो कधी बदलला याचं बिल मागाच. तुटला तर इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडावं लागतं. क्लच, सस्पेन्शनचा खर्चही मोठा.

गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल, तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचे पैसे किमतीतून आधीच कापून घ्या.