लसूण: आढ्याला जुडी की फ्रीझरमध्ये पेस्ट?

फेब्रुवारी-मार्चला नवा लसूण निघतो, तेव्हाच वर्षाचा घ्यावा. मात्र जुडी बांधायची तर पातीसकट हवा. पात कापलेला लसूण टांगणार कशाला? सावलीत दोनेक आठवडे वाळवायचा. मान दाबून पाहिली की ओलसर लागता कामा नये. मग वेणी घालून वारं खेळेल तिथे टांगायची. सहा-सात महिने आरामात जातात आणि फोडणीत पडल्यावर घर दरवळतं ते याच लसणाने. अडचण पावसाळ्याची. कोकणात जुलैत पाकळ्यांवर काळी बुरशी धरते, देशावर तेवढा त्रास नाही. आणि फ्रिजच्या भाजीकप्प्यात गड्डे ठेवू नका, गारव्याने उलट लवकर कोंब फुटतात.

फ्रीझरचं काम सोपं, सोलणं सोडून. पाणी न घालता वाटायचं, बर्फाच्या ट्रेमध्ये चमच्याचमच्याने भरायचं, गोठलं की वड्या घट्ट डब्यात. उणे १८ अंशांत तीन-चार महिने चव टिकते. वाटणाला, आमटीला उत्तम. ठेच्याला मात्र नाही, तिथे पाकळीचा करकरीतपणा लागतो. डबा सैल राहिला तर आइस्क्रीमलाही लसणाचा वास, हे आमच्याकडे एकदा पाहुण्यांसमोर कळलं.

कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं मात्र टाळाच. हवा नसलेल्या तेलात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, आणि वासावरून काही कळत नाही.

मी स्वतः जुडी बांधते, आणि मृगाच्या आधी उरलेला निम्मा सोलून फ्रीझरला लावते.