वॉलआयसाठी पहाट की तिन्हीसांज, जिग की बोया?

मिनेसोटात एक-दोन हंगाम वॉलआय, म्हणजे इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, गरवून झाले की दोन प्रश्न हटकून पडतात. पहाटे निघायचं की संध्याकाळी? आणि दोराला जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला वजनदार गळ, लावायचा की दोरावर सरकणारा तरंगता बोया? मी दोन्ही वेळा आणि दोन्ही तऱ्हा मनापासून करून पाहिल्या आहेत, बहुतेक मिल लॅक्स या इथल्या मोठ्या तळ्यावर, जून-जुलैमध्ये. तुमचं तळं गढूळ पाण्याचं असेल तर हिशेब थोडा वेगळा लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

कोकणात खाडीवर गरी टाकायची तर वेळ पाणी ठरवतं. भरती कधी लागते ते आधी बघायचं, मग घरातून निघायचं. इथे तळ्याला भरती-ओहोटी नाही, वेळ ठरवतो तो उजेड. वॉलआयच्या डोळ्यात मांजराच्या डोळ्यासारखा चकाकणारा थर असतो. अंधूक उजेडात त्याला नीट दिसतं आणि ज्या पिवळ्या पर्च मासळीवर तो ताव मारतो, तिला त्याच वेळी दिसेनासं होतं. त्यात मिल लॅक्सचं पाणी आता पूर्वीपेक्षा नितळ आहे. तिथे २००५ साली झेब्रा शिंपले सापडले, त्यांनी पाणी गाळून नितळपणात भरच घातली. ऊन खोलवर पोचतं आणि मासा दिवसा नाखूश असतो. आभाळ भरून आलं आणि वाऱ्याने पाण्यावर चांगली लाट उठली तर मात्र भर दुपारीही जावं. इथली मंडळी अशा लाटेला ‘वॉलआय चॉप’ म्हणतात आणि त्यांचं ऐकून मला कधी पश्चात्ताप झालेला नाही.

पहाटेच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. वारा पडलेला असतो, डास कमी असतात, बोट उतरवायला रांग नसते आणि नऊ वाजता तुम्ही मोकळे. घरात लहान मुलं असतील तर कदाचित पहाटच सोयीची. पण पहाटेचा उजेड वाढत जातो. खडकाचा उंचवटा शोधायचा, खोली मापायची, दोर तयार करायचा, हे सगळं अंधारात. ते जमेपर्यंत सूर्य वर आलेला असतो. संध्याकाळचं नेमकं उलटं. साडेसातला पोचा, स्वच्छ उजेडात जागा पक्की करा, नांगर टाका. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो आणि संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो. त्यातली साधारण चाळीस मिनिटं खरी. हा आकडा मी घड्याळ लावून काढलेला नाही, पण इतक्या संध्याकाळी बघून तेवढाच वाटतो.

आता दोराच्या टोकाचं. ट्रोलिंगबद्दल, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेण्याबद्दल, मी फार बोलत नाही; ईरी सरोवरासारख्या मोकळ्या पाण्यात ते उत्तम, पण त्याला बोट आणि सरंजाम दोन्ही मोठे लागतात.

जिगची मजा हाताला कळते. मासा तोंड लावतो तेव्हा दांडीतून बारीकसा ‘टक्’ येतो, तसा दुसऱ्या कशात येत नाही. मे महिन्यात, हंगाम उघडतो तेव्हा पाणी गार आणि मासा उथळ असतो. तेव्हा पाव औंसाच्या आतला जिग आणि त्याला शायनर ही आमिषाची छोटी मासळी, याला तोड नाही. मासे विखुरलेले असतील तरी जिगच बरा, तो फिरवून शोध घेता येतो. बोया एका जागी उभा राहतो, मासा तिथे नसेल तर तासभर नुसतं पाणी बघायचं.

तरी माझा निकाल लागला तो एका जूनच्या संध्याकाळी, दगडांच्या एका उंचवट्यावर. सूर्य बुडाला आणि मासा लागायला लागला. माझा जिग कपारीत अडकला, तुटला. डोक्यावरचा दिवा लावला तर चिलटांचा थवा तोंडावर. गार बोटांनी तंगूस जिगच्या नाकातून ओवायचा, पाच वेढे द्यायचे, थुंकी लावून गाठ आवळायची. दुसऱ्या फेकीला पुन्हा अडकला. मग तिसऱ्यांदा. त्या वेळात शेजारी बसलेल्या मित्राने बोया आणि आमिषाला लावलेल्या जळूवर चार मासे घेतले आणि त्याचा गळ एकदाही दगडाला लागला नाही. गाठ बांधायला एरवी पाच मिनिटं गेली तर काही बिघडत नाही. चाळीसातली पंधरा गेली तर त्या संध्याकाळचं काय उरलं?

बोयाचा गळ तळापासून फूटभर वर तरंगतो, म्हणून दगड त्याला धरत नाही. सरकता बोया जिथे अडतो ती दोरावरची थांब-गाठ उजेडातच नेमक्या खोलीवर सरकवून ठेवायची. अंधार पडला की दिवा असलेला बोया लावून नुसती फेक करायची. जळूच्या रुंद टोकाला चोषक असतो, त्याच्या जरासा आत बारीक गळ टोचला की ती फितीसारखी पोहत राहते. पाणी फार गार असलं तर ती गोळा होऊन बसते, म्हणून मेमध्ये तिच्या नादी लागू नये. बोया बुडाला की लगेच हिसका देऊ नका. आधी ढिला दोर गुंडाळा, वजन जाणवलं की दांडी एका संथ ओढीत मागे घ्या. घाईने मी चांगले मासे घालवले आहेत.

संध्याकाळचा त्रास आहेच. डास आहेत, आणि ट्विन सिटीजकडे (मिनियापोलिस-सेंट पॉलकडे) परतताना १६९ नंबरच्या रस्त्यावर हरणं आडवी येतात, तेव्हा गाडी सांभाळून. रात्री किती वाजेपर्यंत गरवता येतं आणि किती मासे ठेवता येतात, हे मिल लॅक्सवर वर्षागणिक बदलतं. निघण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम बघा.

जिगचा डबा माझ्या बोटीत अजून असतो, आणि उजेड आहे तोवर जागा धुंडाळायला मी तोच काढतो. सूर्य काठावरच्या झाडांना टेकला की मात्र डबा बंद करतो आणि जळवांचं भांडं पुढ्यात ओढतो.