राउटरच्या ‘इमेज’पायी १०,२९८ रुपये गेले

लाजेपायी महिनाभर गप्प बसलो. आता लिहितोच.

मी जुळे सोलापूरचा. सीसीएनपीची, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेची तयारी चालू आहे. घरीच लॅब लावलीय, जुना डेस्कटॉप, ३२ जीबी रॅम, त्यावर ईव्ह-एनजी, म्हणजे कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं, सिस्कोच्या इमेज, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइली, मात्र त्यासोबत येत नाहीत. सरळ मार्ग सीएमएलचा, म्हणजे सिस्कोच्याच लॅब सॉफ्टवेअरचा, वर्षाला १९९ डॉलर. वडील यंत्रमागावर कामाला, एवढे एकदम कुठून काढू? म्हणून एका ग्रुपवरच्या ‘सरां’ना धरलं. सगळ्या इमेज, लाइफटाइम लायसन्स, २,४९९. मग ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चे १,८००. मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’ ५,९९९. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

अक्कल पेंड खायला गेली ती कुठे, ते ऐका. सोमवारी त्याने ‘शो व्हर्जन’ या राउटरची माहिती दाखवणाऱ्या कमांडचा स्क्रीनशॉट पाठवला होता. अपटाइम, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते, २ आठवडे, ३ दिवस, ४ तास, १७ मिनिटं. गुरुवारी डिपॉझिट भरण्याआधी मी म्हटलं, लाइव्ह दाखवा. त्याने स्क्रीन शेअर करून तीच कमांड मारली. २ आठवडे, ३ दिवस, ४ तास, १७ मिनिटं! मधले तीन दिवस गेले कुठे? रेकॉर्ड केलेली क्लिप होती ती. आणि मी, नेटवर्किंग शिकणारा, खालची मेमरीची ओळ वाचत बसलो. यूपीआयवर नावही भलत्याचंच आलं. ‘मिसेसचं खातं आहे.’ बरं, म्हटलं.

‘सीएसआर’ (सिस्कोचा व्हर्च्युअल राउटर) नावाची फाइल बूट केली तर समोर व्हायओएसचं लॉगिन. फुकट मिळणारा ओपन सोर्स राउटर, फक्त फाइलचं नाव बदललेलं. फाइल खरी आहे का ते सांगणारा आकडा, म्हणजे चेकसम, कंपनीच्या पानावरच्याशी जुळवून बघा. मी बघितला नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘इमेज म्हणजे राउटरचा फोटो का? दहा हजाराला?’ शेजारचा हवालदार हसला. समजावून सांगितल्यावर, ‘म्हणजे चोरीचाच माल घ्यायला गेलता की!’ बरोबर आहे साहेब, पण म्हणून चोर मोकळा का? म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणे आधी ठाण्यात जा. बँक म्हणे पिन तुम्हीच टाकला ना? मराठीत अर्ज दिला तर इंग्रजीत आणा. आणला तर स्टेटमेंटवर शिक्का हवा, आणि शिक्क्याचे साहेब जेवायला गेलेले. चार चकरा झाल्या, रिक्षाचे ३२० वेगळेच.

पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. मी चार दिवसांनी लावला, तोवर ते खातं रिकामं झालेलं.

सीएमएलची ५ नोडची (एका लॅबमध्ये पाच उपकरणांची) फुकट आवृत्ती आहे हे मला नंतर कळलं. बीजीपी, ओएसपीएफ या राउटिंगच्या पद्धती शिकायला एफआरआर हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. मिक्रोटिक कंपनीचा सीएचआर हा व्हर्च्युअल राउटरही फुकट आहे, १ एमबीपीएसची मर्यादा सोडली तर. मित्र म्हणाला, ‘काय बे, आधी विचारायचं की.’ विचारलं असतं तर लॅबला पैसे नाहीत हेही सांगावं लागलं असतं.

काल त्याच ग्रुपवर नव्या नावाने नवी जाहिरात आली. खाली स्क्रीनशॉट, २ आठवडे, ३ दिवस, ४ तास, १७ मिनिटं.